अर्ध्या मुदीतून अडीच माणसांची सुट्टी: छोट्या हॉटेलाला हे सगळं परवडतं का?

गल्ल्यावरचा

मंडळी, चार-पाच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

सिंहगड रोडला आमचं थाळीचं हॉटेल आहे. ४४ खुर्च्या, दोन्ही वेळची मिळून साधारण १८० ताटं, आतबाहेर धरून ११ माणसं. बाबांनी काढलं, आता आठ वर्षं गल्ल्यावर मी. मागच्या वर्षी पुतणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी येऊन बसली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काका, तुमच्या हॉटेलची सस्टेनेबिलिटी पॉलिसी काय?" म्हटलं, उधारी बंद.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे असतो तसला अडकवायचा काटा आणि तीन बादल्या घेऊन आली. एक बादली कापणीची, म्हणजे देठं, सालं, कोबीची वरची पानं. दुसरी पातेल्याची, म्हणजे शिजवलं पण वाढलंच गेलं नाही ते. तिसरी ताटांची. रोज रात्री वजन करायचं आणि वहीत मांडायचं, १४ दिवस. आमचे आचारी गेली वीस वर्षं आमच्याकडे आहेत, ते म्हणाले, "शेठ, कचऱ्याला काटा? सोनं निघालं की काय?"

१४ दिवसांची सरासरी: कापणी ९ किलो, पातेलं ४ किलो, ताटं ११ किलो.

माझा समज उलटा होता. मला वाटायचं, नासाडी भटारखान्यात होते, म्हणून मी इतकी वर्षं आचाऱ्यांच्या मागे लागायचो. आता हे ११ किलो नक्की कसले, ते बघायला एका दुपारी मी हातमोजे घालून ती बादली जुन्या ताडपत्रीवर उलटी केली. (बायकोने नेमकं तेव्हाच पाहिलं. तो विषय इथे नको.) पोळी जवळपास नव्हतीच. भाजी थोडी. पिळलेली सोडाच, हातसुद्धा न लागलेल्या लिंबाच्या फोडी पन्नासेक. पापडाचे कोपरे, कोशिंबीर. बाकी सगळा भात, वरणाने भिजलेला.

डोक्यात प्रकाश पडला तो तिथे बसल्या बसल्या. पोळी लोक मागून घेतात, म्हणून टाकत नाहीत. भात आम्ही न विचारता आदळतो, आणि तोही चार पोळ्या पोटात गेल्यावर. मोठी मूद वाढली की गिऱ्हाइकाला बरं वाटतं, हे बाबांच्या वेळेपासूनचं गणित. त्यातली अर्धी मूद रोज बादलीत जात होती.

मग एवढंच केलं. मूद अर्धी केली. वाढप्याने दोनदा फिरायचं आणि "भात आणू का अजून?" असं तोंडाने विचारायचं. लिंबू मागितलं तरच. तीन आठवड्यांनी ताटांची बादली ६ किलोवर आली आणि पातेल्याची २ वर. तांदूळ रोज १५ किलो लागायचा, तो १२ लागायला लागला. आमचा तांदूळ ६० रुपयांचा, म्हणजे दिवसाचे १८० वाचले. सातही दिवस उघडं असतं, तेव्हा महिन्याचे ५,४००.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी नावालाच होती. अमावस्येला अर्धा दिवस आणि गावाला जायचं असेल तर हातापाया पडून. या ५,४०० मध्ये ५४० रुपये हजेरीने महिन्यातले दहा दिवस बदलीचा माणूस मिळाला. एका माणसाच्या महिन्याला चार सुट्ट्या, म्हणजे भाताने अडीच माणसांची सुट्टी काढली. बाकी साडेआठ जणांची मात्र गल्ल्यातूनच गेली, ते खोटं कशाला सांगू. पण सुरुवात अडीचपासून झाली नसती तर ती माझ्याच्याने झाली नसती.

प्रश्न असे आहेत:
रात्री उरलेलं अन्न देऊन टाकावं म्हटलं तर कुणाला आणि कसं? दोन-चार ठिकाणी विचारलं, कुणी धड उत्तर देत नाही.
ओल्या कचऱ्यावर गॅस करता येतो म्हणतात. आमच्याएवढ्यांना जमेल का?
पार्सलच्या डब्यांचं काय करायचं?
आणि पुतणी म्हणते भिंतीवर पाटी लावा, "आम्ही अन्न वाचवतो" वगैरे. मला लाज वाटते. लावावी का?

सदाशिव_पेठी

म्हणजे मूद अर्धी आणि थाळीचा दर पूर्ण. उत्तम धंदा आहे. आम्ही याला पूर्वी वेगळं नाव देत असू.

गल्ल्यावरचा

काका, पाच वेळा मागा, पाच वेळा वाढतो. दर अमर्यादचाच आहे. फक्त मागायला तोंड उघडावं लागतं, आणि ते तुम्हाला अवघड जाईल असं वाटत नाही.

सदाशिव_पेठी

हा हा. येतो रविवारी. वजनकाटा घेऊनच बसा.

कडू_कारले

गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू.

आठवड्याची सुट्टी हे समाजकार्य नाही, कायदा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७, २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत दहा किंवा जास्त कामगार असतील तर लागू होता. तुम्ही अकरा. म्हणजे भात वाचला नसता तरी सुट्टी द्यावीच लागत होती. तुम्ही कायद्याप्रमाणे वागलात याचं कौतुक करायचं की इतकी वर्षं वागला नाहीत म्हणून काही बोलायचं, ते ठरवा.

हे तुम्हाला एकट्याला नाही. मी पूर्वी हॉटेलांना माल पुरवायचो. बांबूचे स्ट्रॉ, मेन्यूकार्डावर झाडाचं चित्र, "फार्म टू टेबल" असं सगळं थाटात, आणि रात्री दीडला वेटर त्याच टेबलांवर चादरी टाकून झोपलेले. त्यांची अंघोळ मागच्या बोळात नळाखाली. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यात चौदाच्या आतलं पोर कामाला ठेवायला बंदी आहे. त्यानंतरसुद्धा कितीतरी वर्षं "छोटू, पाणी आण" ऐकलंय, आणि ऐकून पाणी प्यायलोय. त्यामुळे एखाद्या हॉटेलाचा सामाजिक हेतू बघायचा तर मी मेन्यू बघत नाही, मोरी बघतो.

गल्ल्यावरचा

@कडू_कारले, मान्य. दुसरं वाक्यच नाही. लायसनवर अकरा माणसं दिसतात आणि मी दोन-तीन वर्षं ते बघूनही डोळेझाक केली. धागा काढताना "सुट्टी दिली" असं लिहिताना हात अडखळला होता, "द्यायला लागलो" लिहायला हवं होतं.

मोरीचं म्हणाल तर ती आमची लाज होती. दोन मावशी पाटावर उकिडव्या बसून दिवसाला चारशे-पाचशे भांडी घासायच्या, पायाखाली सतत ओल. दिवाळीनंतर ती मोरी फोडून कमरेएवढ्या उंचीची तीन खणांची स्टीलची सिंक केली: खरकटं, साबण, गरम पाणी. थोरल्या मावशींनी पहिल्या दिवशी उभ्याने घासायला साफ नकार दिला, "उभ्याने भांडी कोण घासतं?" म्हणून. चौथ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, सिंक चार बोटं खाली घ्या, खांदे भरतात. आमच्या मिस्त्रीने उंची स्वतःच्या मापाने ठरवली होती. मावशी पाच फुटांच्या आत.

जाईजुई

चार बोटं खाली! वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

ओला_सुका

मी कचऱ्याच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून थोडं तपशिलात.

घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारा तो "मोठा कचरा निर्माता", त्याची जबाबदारी वेगळी आणि जास्त. तुम्ही २४ किलोवरून १७ वर आलात, त्यामुळे त्यात बसत नाही. पण वर्गीकरण सगळ्यांनाच लागू. पुण्यात हे काम कोण करतं, तेही लक्षात असू द्या. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ ची, आणि त्यातूनच उभी राहिलेली "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा उचलते. तुमच्या डब्यातल्या ओल्या कचऱ्यात काचेचा तुकडा किंवा टूथपिकं गेली तर ती एखाद्या बाईच्या हातात घुसतात. टूथपिकांसाठी टेबलावर वेगळी छोटी डबी ठेवा. फुकटचं काम आहे, आणि हॉटेलाकडून होणारं याच्याइतकं सोपं समाजकार्य मला माहीत नाही.

कापणीच्या ९ किलोंबद्दल कुणीच बोललं नाही. फ्लॉवरची देठं आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकता का? काड्या वाटणात जातात, देठांची भाजी होते. दोडक्याच्या शिरांची चटणी तर तुमच्या थाळीत हवीच.

आणि तेल! धाग्यात तेलाचं नाव नाही. पुऱ्या-भजी तळता ना? कढईतलं काळं तेल कोण नेतं?

गल्ल्यावरचा

स्कूटरवर कॅन लावून एक माणूस येतो, रोख पैसे देऊन नेतो. पुढे काय करतो, विचारलं नाही कधी.

ओला_सुका

विचारू नका, मीच सांगते. असं तेल बऱ्याचदा गाळून पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत जातं. तुम्ही टाकलेलं जळकं तेल तुमच्याच गल्लीतलं पोर वडापावातून खातं.

तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच वर्षी "रूको" योजना आली: हॉटेलांचं वापरलेलं तेल नोंदणी झालेले गोळा करणारे नेतात आणि त्याचं बायोडिझेल होतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना नोंदी ठेवणं बंधनकारक आहे. तुम्ही तेवढं वापरत नसाल, पण नोंदणीवाल्यालाच द्या आणि पावती घ्या. स्कूटरवाल्यापेक्षा दोन रुपये कमी मिळाले तर मिळू देत. तुमच्या सगळ्या यादीत सर्वांत आधी करायचं काम माझ्या मते हे. भातापेक्षाही आधी.

रात्रपाळी

उरलेल्या अन्नाबद्दल मी लिहितो. मी शनिवार-रविवार रात्री गोळा करून वाटायला जातो.

तुम्हाला कुणी धड उत्तर देत नाही, कारण २ किलोंसाठी कुणाची गाडी सिंहगड रोडला वळत नाही. वाईट वाटून घेऊ नका. लग्नाच्या हॉलमधून एका वेळी शंभर माणसांचं उचलता येतं, तुमच्याकडून सहा जणांचं. रॉबिन हूड आर्मी २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली तेव्हापासून त्यांचा मार्ग सोपा आहे: हॉटेलाकडचं घ्यायचं, त्याच रात्री वाटायचं. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक काढली, तेही याच धर्तीवर. पण सगळीकडे अडचण एकच, वेळ.

भात हा सर्वांत फसवा पदार्थ. त्यातल्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. बाहेर कोमट राहिला की वाढतात, विष सोडतात, आणि ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. दुपारी साडेबाराचा भात रात्री अकराला "गरिबांना" दिला तर तो दानधर्म नव्हे. एकतर ६० अंशांच्या वर गरम असावा, नाहीतर लगेच पसरून, गार करून फ्रिजमध्ये.

नियमही आहेत. एफएसएसएआयचे शिल्लक अन्नाचे विनियम २०१९ चे, १ जुलै २०२० पासून लागू. डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी-मांसाहारी, कुणाकडचं, कधीपर्यंत खाण्याजोगं, असं लिहायचं. वाढलेल्या ताटातलं कधीच द्यायचं नाही, हे सांगायला नको, पण लोक देतात.

माझं प्रामाणिक मत: ते २ किलो वाटायच्या भानगडीत पडू नका. तुमचीच माणसं रात्री साडेदहाला काय जेवतात? ते पातेलं आधी त्यांच्यासाठी धरून शिजवलं, त्यांना ताजं आणि वेळेवर मिळालं, तर उरायचा प्रश्न नाही.

मेसची_पोरगी

+१. आमच्या मेसमध्ये काकू शेवटच्या अर्ध्या तासात विचारायच्या, "अजून किती जणी यायच्यात?" आणि हात वर बघून कणीक मळायच्या. अ‍ॅप नव्हतं, एआय नव्हतं. रात्री उरायच्या त्या दोन पोळ्या, सकाळी त्यांचा कुस्करा.

लंडनस्थ_मावळा

इकडचं सांगतो. "टू गुड टू गो" नावाचं अ‍ॅप आहे, मूळ डेन्मार्कचं. दुकान बंद व्हायच्या वेळी उरलेल्या मालाची पिशवी मूळ किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. आत काय आहे ते घेतल्यावरच कळतं. मी एकदा मोठ्या आशेने घेतली, अकरा बेगल निघाले. चार दिवस बेगल.

ब्रायटनला २०१४ मध्ये "सायलो" नावाचं रेस्टॉरंट निघालं, पुढे २०१९ ला लंडनमध्ये आलं. कचऱ्याचा डबाच नाही, हे त्याचं वैशिष्ट्य होतं. पीठ स्वतः दळायचं, माल खोक्यांशिवाय परत जाणाऱ्या क्रेटमधून घ्यायचा. ऐकून वाटलं, हे तर आमची आजी करायची, फक्त तिला हॉटेलांना तारे वाटणारे मिशेलिनवाले भेटले नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात जगात २०२२ साली १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचं म्हटलंय. त्यात हॉटेलं-खानावळी वगैरेंचा वाटा २८ टक्के आणि घरांचा ६०. म्हणजे हॉटेलवाल्याला झोडपणाऱ्यांनी घरी जाऊन स्वतःच्या फ्रिजचा खालचा कप्पा उघडावा.

सदाशिव_पेठी

फ्रिजचा विषय घरगुती आहे. इथे काढू नये.

बायोगॅसवाला

गॅसबद्दल सरळ आकडा देतो, स्वप्न दाखवत नाही.

शिजवलेल्या खरकट्याच्या १० किलोंतून साधारण एक घनमीटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर म्हणजे एलपीजीच्या हिशेबात अर्ध्या किलोच्या जरा आत. तुमचे १७ किलो, त्यात कापणीचा भाग धिम्या गतीने कुजणारा, म्हणजे दिवसाला दीड घनमीटर धरा. महिन्याकाठी एक १९ किलोचा कमर्शिअल सिलिंडर, तोही सगळं सुरळीत चाललं तर. तुम्हाला महिन्याला किती लागतात?

पुण्याचाच इतिहास सांगायचा तर "आरती" या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारा छोटा संच केला आणि त्याला २००६ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी "निसर्गऋण" प्रकल्प उभा केला, तो मोठ्या प्रमाणासाठी. दोन्ही चालतात. बंद पडतात ते माणसांमुळे. कुणीतरी एक दिवस लिंबाच्या साली आणि आंबट ताकाची बादली ओतली की आतलं आम्ल वाढतं, प्लांट आंबतो, वास सुटतो, शेजारी तक्रार करतात आणि मालक टाकीत तुळस लावतो.

तुमच्याकडे टाकी ठेवायला ऊन येणारी जागा आहे का? आणि रोज भरणारा एकच माणूस? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे बोलू.

गल्ल्यावरचा

महिन्याला २२ सिलिंडर. जागा नाही, वर पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. बायोगॅस रद्द. खरं बोललात, आभार.

परळकर

गॅसवरून आठवलं, मुंबईत तंदूरवाल्यांची झोप उडाली होती. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं आणि महापालिकेने हॉटेलांच्या कोळशाच्या तंदूरलाही ८ जुलैची मुदत लावली. ब्रून पाव लाकडाच्या भट्टीशिवाय होणार नाही म्हणून गळे काढणाऱ्यांत मीही होतो. पण भट्टीसमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या माणसाची छाती कुणी तपासली होती? चव गेली का? थोडी गेली असेल. सवय होते.

गिरणगावची_लेक

सामाजिक हेतू म्हटलं की लोक लंडन-कोपनहेगनला जातात, म्हणून आमच्या घरचं सांगते.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गिरणी कामगारांचं दोन वेळचं. जेवणारे पगाराला पैसे देणार, वाण्याचे आज द्यायचे, मधली फट सावकाराकडून. मंगळसूत्र वर्षातले आठ महिने त्याच्याकडे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काहीच नाही, एकमेकींची जामीनकी. आजी सांगायची, बँकेत जाताना चपला बाहेर काढून आत गेलो होतो, देवळात जातात तशा. पुढे प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

त्या खानावळीत उरायचं काही नाही. जेवणारा कोण, कुठल्या पाळीचा, कुणाच्या पोटाला काय चालत नाही, ते आजीला पाठ. नासाडी थांबवायला तिला बादल्या लागल्या नाहीत, कारण तिला माणसं माहीत होती. तुम्हाला १८० अनोळखी माणसं, म्हणून काटा लागतो. दोन्हींत कमीपणा काही नाही.

एक विचारते. तुम्ही पोळ्या, पापड, चटण्या कुठून घेता? एखाद्या बचत गटाकडून घ्या, पण मग पैसे आठवड्याला द्या. आम्ही गटाला काम दिलं म्हणून फोटो काढणारे पुष्कळ आहेत, आणि बिल नव्वद दिवस थकवणारेही तेच.

कडू_कारले

@गिरणगावची_लेक, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

खुणांची_भाषा

माणसं घेण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझा भाऊ ऐकू शकत नाही, हॉटेलात काम करतो. पवईला २०१५ मध्ये "मिर्ची अँड माइम" निघालं, तिथे वाढणारी मुलं सगळी कर्णबधिर. मेन्यूत प्रत्येक पदार्थापुढे त्याची खूण छापलेली, गिऱ्हाइकानेच हाताने सांगायचं. आग्र्याचं "शिरोज हँगआउट" अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांना घेऊन २०१४ मध्ये सुरू झालं. ही मोठी नावं झाली.

छोट्या हॉटेलात एवढं लागत नाही. भावाच्या मालकाने टेबलांना नंबर दिले आणि आत घंटीऐवजी दिवा लावला. दिवा पेटला की ताट तयार. झालं. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं मोठ्याने ओरडून बोलायची, जणू आवाज वाढवला की ऐकू येईल. भाऊ हसून, ऐकू येत नाही असं लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवायचा. अशी माणसं घेतलीत तर कौतुकापोटी घेऊ नका, दुसऱ्याएवढाच पगार द्या आणि चुकलं तर दुसऱ्याएवढंच बोला.

पळसाचं_पान

पार्सल. मी भंडाऱ्याची, आमच्याकडे पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण बायका घरी लावतात.

राज्याची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ची, देशभरातली एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवरची १ जुलै २०२२ ची. तेव्हापासून बाजारात "इको" लिहिलेलं काहीही विकतात. तीन गोष्टी बघा. कागदी वाटीला आतून चकचकीत थर असेल तर तो बहुतेक वेळा प्लास्टिकचाच. "कंपोस्टेबल" प्लास्टिक म्हणत असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. ते मिळालं तरी तसलं बरंचसं प्लास्टिक कुंडीत कुजत नाही, कारखान्यातली उष्णता लागते. उसाच्या चिपाडाचे डबे बरे, पण आमटी तासाभरात तळातून पाझरते.

म्हणून पातळ पदार्थाला स्टीलच. गिऱ्हाइकाने घरून डबा आणला तर दहा रुपये कमी करा. पुण्यात लोक दहा रुपयांसाठी डबा आणतील, याबद्दल मला शंका नाही.

सदाशिव_पेठी

पंधरा केलेत तर दोन डबे आणू.

ओला_सुका

आणि चमचे-टिश्यू मागितले तरच द्या. झोमॅटोने २०२१ मध्ये अ‍ॅपवर हेच केलं, पण हॉटेलातला मुलगा सवयीने टाकतोच. पार्सलच्या टेबलावरून चमच्यांचं खोकं उचलून गल्ल्याखाली ठेवा. वाकावं लागलं की सवय मोडते.

गल्ल्यावरचा

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगतो.

तेल: नोंदणीवाला मिळाला, पंधरा दिवसांनी येतो, पावती देतो. स्कूटरवाल्याला नाही म्हटलं तेव्हा त्याने समोरच्या चायनीज गाडीकडे बोट करून सांगितलं, "मग ते कुठून घेणार?" @ओला_सुका, तुमचं वाक्य शब्दशः खरं निघालं. दोन रात्री झोप नव्हती.

चमच्यांचं खोकं गल्ल्याखाली. माझीच कंबर दुखायला लागली आहे, म्हणजे बरेच जण अजून मागतात.

डबा आणला तर दहा रुपये कमी: पंधरा दिवसांत ३१ डबे. त्यातला एक पेठेतून आला होता, चार पुडांचा पितळी, कल्हई केलेला. नाव सांगत नाही.

रात्रीचं जेवण: @रात्रपाळी, तुमचं ऐकून माणसांचं जेवण साडेनऊला आणलं, दोन पाळ्यांत. आचारी कुरकुरले, कारण साडेनऊ ही ऐन गर्दीची वेळ. अजून बसलेलं नाही. कधी दहा होतात, कधी पावणेअकरा. पातेल्याची बादली मात्र काल रिकामी होती, वहीत पहिल्यांदा शून्य मांडलं. आज पुन्हा दीड किलो.

आमच्या पोळ्या आतच लाटतात. पापड-चटणीसाठी धायरीच्या एका गटाशी बोललोय. त्यांनी पैसे दर शनिवारी हवेत असं आधीच सांगितलं. @गिरणगावची_लेक, त्यांनी तुमचा प्रतिसाद वाचला असावा.

@खुणांची_भाषा, दिवा लावायचं डोक्यात आहे. सध्या माणूस घ्यायची ऐपत नाही, पण जागा निघाली की आधी तुमच्या भावासारख्या कुणाला विचारीन.

पाटीचं म्हणाल तर लावली. पुतणीने "अन्न हे पूर्णब्रह्म", झाड, दोन हात आणि पृथ्वी असं काय काय डिझाइन करून आणलं होतं. थोरल्या मावशी भांडी पुसत बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं वाचेस्तोवर भात थंड होईल." मग खडूने काळ्या फळीवर त्यांनी सांगितलं तेच लिहिलं:

भात मागून घ्या. परत मिळेल.

सदाशिव_पेठी

रविवारी वाचली. चार वेळा मागितला. मिळाला. चौथ्यांदा वाढप्याने "काका, नक्की?" असं विचारलं, याची नोंद घ्यावी.